सूत्रकृमींतील कोशिकानिहाय जनुक-अभिव्यक्ती : संशोधनाचा इतिहास

सूत्रकृमींच्या शरीरातील निरनिराळ्या प्रकारच्या कोशिकांमध्ये (पेशींमध्ये) कोणती जनुके (आनुवंशिक लक्षणांचे घटक, जीन) कार्यरत असतात आणि कोणती निष्क्रिय राहतात, हे ठरवून त्याचे कोष्टक तयार करणे यास कोशिकानिहाय जनुक-अभिव्यक्तीचा अभ्यास म्हणतात. एकाच प्राण्याच्या स्नायूची कोशिका, आतड्याची कोशिका आणि तंत्रिका कोशिका (मज्जापेशी) यांमध्ये सामान्यतः जनुकांचा संच एकच असतो. तरीही त्यांची रचना व कार्ये अगदी भिन्न असतात. कारण प्रत्येक कोशिका त्या संचातील काही जनुकेच उपयोगात आणते. जनुक कार्यरत झाले म्हणजे डीएनए (डीऑक्सिरिबोन्यूक्लिइक अम्ल) मधील माहितीची प्रत संदेशवाहक आरएनएच्या (रिबोन्यूक्लिइक अम्लाच्या) रूपाने तयार होते आणि तिच्यावरून प्रथिन बनते. म्हणून एखाद्या कोशिकेतील संदेशवाहक आरएनए ओळखता आले, तर ती कोशिका त्या वेळी कोणते कार्य करीत आहे याचा अंदाज करता येतो.

हा प्रश्न सर्वच प्राण्यांच्या बाबतीत महत्त्वाचा आहे, तथापि त्याचे सर्वांत पूर्ण उत्तर सिनोऱ्हॅब्डायटिस एलेगन्स या जेमतेम एक मिलिमीटर लांबीच्या, जमिनीत व कुजणाऱ्या वनस्पतिजन्य पदार्थांत राहणाऱ्या सूत्रकृमीत मिळाले आहे. हे संशोधन प्रयोगशाळेपुरतेच मर्यादित राहिलेले नाही. कोल्हापूर जिल्ह्यासारख्या बागायती प्रदेशात टोमॅटो, वांगी, भेंडी, काकडी यांसारख्या पिकांच्या मुळांवर गाठी आणणारे सूत्रकृमी याच प्राणिसंघातील आहेत. मुळात शिरलेला कृमी आपल्या कोणत्या कोशिकेत कोणते प्रथिन तयार करून पिकाला अंकित करतो, हा प्रश्न प्रयोगशाळेतील त्याच प्रश्नाचे शेतातील रूप आहे. पुढील विवेचनात या दोन्ही प्रवाहांचा क्रमाने परामर्श घेतला आहे.

पूर्वपीठिका : सि. एलेगन्स या जातीचे पहिले वर्णन फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ एमिल मोपा यांनी अल्जीरियातील नमुन्यांवरून १९०० मध्ये केले. त्यानंतर अर्धशतकाहून अधिक काळ ही जात मोजक्या तज्ञांनाच परिचित होती. केंब्रिज येथील रेणवीय जीवविज्ञानाच्या प्रयोगशाळेत काम करणारे सिडनी ब्रेनर (१९२७–२०१९) यांनी जून १९६३ मध्ये प्रयोगशाळेचे प्रमुख मॅक्स पेरुट्झ यांना एक पत्र लिहिले. आनुवंशिक संकेताचे मूलभूत प्रश्न सुटत आले असून यापुढे प्राण्याचा विकास व तंत्रिका तंत्र (मज्जासंस्था) यांच्याकडे वळले पाहिजे आणि त्यासाठी शक्य तितका साधा बहुकोशिकीय प्राणी निवडला पाहिजे, असे त्यांचे मत होते. पुढे त्यांनी या सूत्रकृमीची निवड केली.

या निवडीस सबळ कारणे होती. हा प्राणी पारदर्शक असल्याने जिवंतपणीच सूक्ष्मदर्शकाखाली त्याच्या कोशिका दिसतात. तो सूक्ष्मजंतूंवर वाढतो. अंड्यापासून पुन्हा अंडी घालण्याच्या अवस्थेपर्यंत पोहोचण्यास त्याला सुमारे तीन दिवस पुरतात. बहुतेक प्राणी उभयलिंगी असून स्वफलनाने एकेकाला सुमारे ३०० संतती होते. त्यामुळे उत्परिवर्तन (आनुवंशिक द्रव्यातील आकस्मिक बदल) झालेले प्राणी शोधणे व टिकविणे सोपे जाते. ब्रेनर यांनी ब्रिस्टल येथील कुलाचा उपयोग केला. १९७४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात सुमारे ३०० उत्परिवर्तकांचे वर्णन असून त्यांवरून सुमारे १०० जनुके निश्चित करण्यात आली होती. यांतील अनेक उत्परिवर्तकांची हालचाल सदोष होती. दोष कोणत्या जनुकात आहे हे संकराच्या प्रयोगांनी कळत होते, परंतु ते जनुक शरीरातील कोणत्या कोशिकेत कार्य करते हे सांगण्याचे साधन त्या वेळी नव्हते.

कोशिकांची मोजदाद : कोणते जनुक कोठे कार्य करते हे सांगण्यापूर्वी शरीरात कोशिका किती व कोणत्या आहेत हे ठाऊक असणे आवश्यक होते. हे काम मुख्यतः जॉन सल्स्टन (१९४२–२०१८) यांनी तडीस नेले. सल्स्टन व रॉबर्ट हॉर्विट्झ यांनी अंड्यातून बाहेर पडल्यानंतरच्या कोशिका-विभाजनांचा वृत्तांत १९७७ मध्ये प्रसिद्ध केला. जूडिथ किंबल व डेव्हिड हर्श यांनी १९७९ मध्ये जननेंद्रियांच्या कोशिकांची वंशावळ दिली. भ्रूणाची वंशावळ सल्स्टन यांनी सहकाऱ्यांसह १९८३ मध्ये पूर्ण केली. त्यासाठी ते सुमारे दीड वर्ष रोज दोन वेळा चार-चार तास सूक्ष्मदर्शकातून जिवंत भ्रूणाकडे पाहत आणि प्रत्येक विभाजन हाताने नोंदवीत. उभयलिंगी प्राण्यात १,०९० कायिक (जननकोशिकांव्यतिरिक्तच्या) कोशिका निर्माण होतात, त्यांपैकी १३१ ठराविक वेळी मरतात आणि प्रौढावस्थेत ९५९ उरतात, असे या मोजणीतून निष्पन्न झाले. महत्त्वाची गोष्ट अशी की, ही संख्या व विभाजनांचा क्रम प्रत्येक प्राण्यात जवळजवळ तंतोतंत सारखा असतो. त्यामुळे प्रत्येक कोशिकेला स्वतंत्र नाव देता आले.

तंत्रिका तंत्राचा नकाशा जॉन व्हाइट, आयलीन साउथगेट, निकोल टॉमसन व ब्रेनर यांनी तयार केला. प्राण्याचे अतिशय पातळ छेद घेऊन त्यांची इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने छायाचित्रे काढण्यात आली आणि प्रत्येक तंतूचा माग एका छेदातून दुसऱ्या छेदात घेण्यात आला. १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सुमारे ३४० पृष्ठांच्या या प्रबंधात ३०२ तंत्रिका कोशिकांचे ११८ वर्गांत वर्गीकरण केलेले आहे. ब्रेनर, हॉर्विट्झ व सल्स्टन यांना २००२ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. पुढील सर्व जनुकीय कोष्टके या दोन नकाशांच्या आधारावरच उभी आहेत. कोशिकांची नावनिशी आधीच तयार नसती, तर नंतर हाती आलेल्या आरएनएच्या राशींचा अर्थ लावणे दुष्कर झाले असते.

प्रकाशचिन्हाचा उपयोग : एकेका जनुकाचे स्थान शोधण्याच्या प्रयत्नांत स्पर्शज्ञान करून देणाऱ्या सहा तंत्रिका कोशिकांना विशेष स्थान आहे. मार्टिन चॅल्फी व सल्स्टन यांनी १९८१ मध्ये या कोशिकांचे व त्यांतील दोषांचे वर्णन केले. काडीच्या टोकाला चिकटविलेल्या भुवईच्या केसाने कृमीला हळुवार स्पर्श केला असता सामान्य कृमी मागे किंवा पुढे सरकतो, तर उत्परिवर्तकाला स्पर्शाची जाणीव होत नाही. या साध्या परीक्षेने 'मेक' या नावाने ओळखला जाणारा जनुकांचा एक गट सापडला. त्यांपैकी मेक-३ हे जनुक इतर जनुकांचे नियंत्रण करणारे प्रथिन घडविते, असे १९८८ मध्ये दिसून आले. म्हणजे एका नियामक जनुकामुळे कोशिकेला तिचे विशिष्ट रूप प्राप्त होते.

दरम्यान, बाहेरून डीएनए सोडून त्याचा सूत्रकृमीच्या जनुकसंचात अंतर्भाव करण्याचे तंत्र अँड्र्यू फायर यांनी १९८६ मध्ये वर्णिले. जनुकाच्या प्रवर्तकाला (जनुक केव्हा व कोठे कार्यरत व्हावे हे ठरविणाऱ्या डीएनएच्या भागाला) सूक्ष्मजंतूच्या एका एंझाइमाचे जनुक जोडले म्हणजे जेथे मूळ जनुक कार्य करते तेथे ते एंझाइम तयार होते व रंजकद्रव्याने त्या कोशिका निळ्या होतात. मात्र त्यासाठी प्राणी मारावा लागे. ही अडचण चॅल्फी यांच्या प्रयोगाने दूर झाली. एक्वोरिया व्हिक्टोरिया या जेलीफिशमधील हिरव्या अनुस्फुरक (विशिष्ट प्रकाश पडला असता स्वतः प्रकाश देणाऱ्या) प्रथिनाविषयी त्यांनी १९८९ मध्ये एका व्याख्यानात ऐकले. डग्लस प्रॅशर यांनी १९९२ मध्ये या प्रथिनाचे जनुक अलग केले व ते चॅल्फी यांना दिले. ते मेक-७ या जनुकाच्या प्रवर्तकास जोडून सूत्रकृमीत घातले असता जिवंत प्राण्यात स्पर्श-तंत्रिका हिरव्या प्रकाशाने उजळून निघाल्या. हा निबंध १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला. या प्रथिनाच्या शोधाबद्दल व विकासाबद्दल ओसामू शिमोमुरा, चॅल्फी आणि रॉजर च्यन यांना २००८ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले.

या पद्धतीने एका वेळी एका जनुकाचे स्थान कळते. शिवाय कोणते जनुक पाहावयाचे हे संशोधकाला आधीच ठरवावे लागते. एखाद्या कोशिकेत एकूण कोणकोणती जनुके कार्यरत आहेत, हा उलट बाजूचा प्रश्न तिने सुटत नाही.

एका प्रकारच्या कोशिका वेगळ्या करणे : डिसेंबर १९९८ मध्ये सि. एलेगन्सच्या जनुकसंचाचा क्रम प्रसिद्ध झाला. बहुकोशिकीय प्राण्याचा हा पहिलाच क्रम होता. त्यात सुमारे ९.७ कोटी क्षारकजोड्या असून प्रथिने घडविणारी १९,०९९ जनुके असावीत, असा त्या वेळचा अंदाज होता. जनुकांची यादी हाती आल्यामुळे लहानशा काचपट्टीवर हजारो जनुकांचे तुकडे ठिपक्यांच्या रूपात बसवून कोणत्या जनुकाचे आरएनए किती आहे हे एकाच वेळी मोजता येऊ लागले. परंतु संपूर्ण प्राणी वाटून त्यातील आरएनए मोजले, तर सर्व कोशिकांचे मिश्रण मिळते. ९५९ पैकी केवळ सहा स्पर्श-तंत्रिकांचा अंश अशा मिश्रणात लोपून जातो. सूत्रकृमीचे शरीर चिवट आवरणाने वेढलेले असल्यामुळे त्यातील ऊतके कापून वेगळी काढणेही फार अवघड असते.

या अडचणीवर २००२ मध्ये दोन निरनिराळे उपाय पुढे आले. चॅल्फी यांच्या गटाने भ्रूणांच्या कोशिका सुट्या करून त्यांचे संवर्धन केले. हिरव्या चिन्हाने उजळलेल्या स्पर्श-तंत्रिका यंत्राच्या साहाय्याने निवडून त्यांचे प्रमाण वाढविले आणि मेक-३ वर अवलंबून असलेली ७१ जनुके शोधून काढली. दुसरा उपाय स्टुअर्ट किम यांच्या स्टॅनफर्ड येथील गटाचा होता. त्यात कोशिका सुट्या कराव्या लागत नाहीत. संदेशवाहक आरएनएच्या शेपटीला चिकटणाऱ्या एका प्रथिनाला रासायनिक खूण जोडतात व हे खुणेचे प्रथिन केवळ स्नायूंच्या प्रवर्तकाच्या आधीन ठेवतात. मग प्राणी वाटून त्या खुणेला चिकटणाऱ्या प्रतिपिंडाने ते प्रथिन बाहेर ओढले म्हणजे त्याच्यासह स्नायूंतील आरएनए वेगळे होते. या रीतीने स्नायूंत विशेष प्रमाणात आढळणारी १,३६४ जनुके सापडली. अशी जनुके गुणसूत्रांवर विखुरलेली नसून पुष्कळदा दोन ते पाचच्या पुंजक्यांत आढळतात, हेही या अभ्यासात दिसून आले.

पुढील दशकात या दोन्ही पद्धती सुधारत गेल्या. डेव्हिड मिलर यांच्या गटाने त्या तंत्रिका कोशिकांच्या अनेक वर्गांना लावल्या. अळीसारख्या डिंभावस्थेतील प्राण्यांचे आवरण रसायने व एंझाइमे यांनी सैल करून कोशिका सुट्या करण्याची रीत २०११ मध्ये वर्णिली गेली. २०१२ मध्ये पूर्ण कोशिकेऐवजी केवळ तिचे केंद्रक खुणेच्या साहाय्याने वेगळे करण्याचे तंत्र सूत्रकृमीच्या स्नायूंसाठी वापरण्यात आले. काचपट्टीची जागा हळूहळू आरएनएच्या प्रत्यक्ष क्रमवाचनाने घेतली. त्यामुळे पूर्वी अज्ञात असलेली जनुके व एकाच जनुकाची निरनिराळी रूपेही लक्षात येऊ लागली.

एकेका कोशिकेचे वाचन : २०१७ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठातील (सिॲटल) गटाने एक वेगळीच कल्पना अमलात आणली. कोशिका अनेक खळग्यांत वाटून प्रत्येक खळग्यातील आरएनएला एक सांकेतिक क्रम जोडला जातो. मग सर्व कोशिका एकत्र मिसळून पुन्हा वाटल्या जातात व दुसरा संकेत जोडला जातो. दोन कोशिकांना तेच दोन्ही संकेत मिळण्याचा संभव अल्प असल्याने क्रमवाचनानंतर कोणते आरएनए कोणत्या कोशिकेतील हे गणिताने सांगता येते. या पद्धतीने दुसऱ्या डिंभावस्थेतील जवळजवळ ५०,००० कोशिकांचे वाचन झाले. या अवस्थेत प्राण्याच्या कायिक कोशिका ७६२ असतात. म्हणजे प्रत्येक कोशिकेची सरासरी पन्नासाहून अधिक वेळा नोंद झाली. २०१९ मध्ये भ्रूणातील ८६,०२४ कोशिकांचा आलेख प्रसिद्ध झाला आणि तो सल्स्टन यांच्या वंशावळीशी जुळविण्यात आला. २०२१ मध्ये मिलर, मार्क हॅमरलुंड, ऑलिव्हर होबर्ट व सहकारी यांनी तंत्रिका तंत्राचा आलेख पूर्ण केला. व्हाइट यांनी १९८६ मध्ये केवळ आकार व जोडण्या पाहून ठरविलेले ११८ वर्ग जनुकांच्या भाषेतही वेगळे ओळखता येतात, असे त्यातून सिद्ध झाले. त्याआधी २०२० मध्ये, या प्रत्येक वर्गात नियामक जनुकांच्या एका विशिष्ट कुलातील जनुकांचा स्वतःचा असा संयोग असतो, हे होबर्ट यांच्या गटाने दाखविले होते. मेक-३ च्या बाबतीत १९८८ मध्ये आढळलेले तत्त्व अशा रीतीने संपूर्ण तंत्रिका तंत्रास लागू पडले.

मर्यादा : या आलेखांचा अर्थ लावताना काही सावधगिरी बाळगावी लागते. कोशिका सुट्या करताना त्यांच्यावर ताण पडतो व त्यामुळे काही जनुकांची कार्यशीलता बदलते. ज्या जनुकांचे आरएनए अत्यल्प असते ती नोंदीतून निसटू शकतात. खुणेच्या पद्धतीत वाटलेल्या मिश्रणातील दुसऱ्याच कोशिकेचे आरएनए प्रथिनाला चिकटण्याचा धोका असतो. शिवाय आरएनए असले म्हणजे तितकेच प्रथिन तयार झाले, असेही निश्चित म्हणता येत नाही. या शेवटच्या गोष्टीचे एक कारण सूत्रकृमीतच सापडले. व्हिक्टर अँब्रोस व गॅरी रव्हकुन यांनी १९९३ मध्ये असे दाखविले की, लिन-४ या जनुकापासून तयार होणारे अतिशय आखूड आरएनए दुसऱ्या एका जनुकाच्या संदेशापासून प्रथिन बनू देत नाही. त्यांना २०२४ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले. या सर्व कारणांमुळे आलेखातील महत्त्वाचे निष्कर्ष जिवंत प्राण्यात अनुस्फुरक चिन्हाच्या साहाय्याने पडताळून पाहण्याची प्रथा कायम आहे.

भारताशी संबंध : सि. एलेगन्सशी निकटचे नाते असलेल्या सि. ब्रिग्जी या जातीचा जगभर प्रमाण मानला जाणारा एएफ१६ हा कुल अहमदाबाद येथून मिळविलेला आहे. त्याच्या जनुकसंचाचा क्रम २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन्ही जातींतील भ्रूणांच्या कोशिकांची वंशावळ जवळजवळ सारखी असल्यामुळे एका जातीतील कोशिकेची तुलना दुसरीतील नेमक्या त्याच कोशिकेशी करता येते. अशी तुलना २०२५ मध्ये प्रसिद्ध झाली. दोन्हींतील जनुक-अभिव्यक्ती बव्हंशी सारखी असली, तरी आतड्याच्या मानाने तंत्रिका कोशिकांत अधिक फरक पडला आहे, असा तिचा निष्कर्ष आहे.

महाराष्ट्रात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत या प्राण्यावर संशोधन चालते. तेथे रेणवीय जीवविज्ञानाच्या अभ्यासाचा पाया ओबेद सिद्दिकी यांनी १९६२ मध्ये घातला. संध्या कौशिका यांचा गट याच संस्थेत स्पर्श-तंत्रिकांमधील वाहतुकीचा अभ्यास करतो. कोशिकेच्या मुख्य भागात तयार झालेली द्रव्ये लांब तंतूच्या टोकापर्यंत कशी नेली जातात, हे जिवंत कृमीत अनुस्फुरक चिन्हांच्या आधारे पाहिले जाते. भुवईच्या केसाने शोधलेल्या त्याच सहा कोशिका या अभ्यासाचा विषय आहेत.

पिकांवरील सूत्रकृमी : वनस्पतींवर उपजीविका करणाऱ्या सूत्रकृमीची भारतातील पहिली नोंद सी. ए. बार्बर यांनी १९०१ मध्ये दक्षिण भारतातील चहाच्या मुळांवरून केली. हा मुळांवर गाठी करणारा मेलॉयडोगायनी प्रजातीचा कृमी होता. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत सूत्रकृमिविज्ञानाचा स्वतंत्र विभाग १९६६ मध्ये स्थापन झाला.

या कृमीचा सुमारे अर्धा मिलिमीटर लांबीचा डिंभ मुळाच्या टोकाजवळून आत शिरतो. त्याच्या तोंडात सुईसारखा पोकळ कंटक असतो. ग्रसिकेतील (अन्ननलिकेच्या आरंभीच्या भागातील) ग्रंथींचा स्राव तो या कंटकावाटे वनस्पतीच्या कोशिकांत सोडतो. त्या स्रावाच्या प्रभावाने काही मोजक्या कोशिकांतील केंद्रके पुनःपुन्हा विभागतात, पण कोशिका विभागत नाहीत व त्या फुगून प्रचंड होतात. या महाकोशिकांतून कृमी आयुष्यभर अन्न शोषतो. भोवतालचा भाग सुजून गाठ तयार होते, मुळाची पाणी व पोषक द्रव्ये वाहून नेण्याची क्षमता घटते आणि जमिनीत ओल असूनही झाड मलूल दिसते. मादी गाठीवरील चिकट पिशवीत शेकडो अंडी घालते. उष्ण हवेत हे जीवनचक्र सुमारे महिन्याभरात पूर्ण होते.

पिकाचे भवितव्य ठरविणारा हा स्राव फक्त तीन ग्रंथिकोशिकांत तयार होतो. दोन खालच्या बाजूस व एक पाठीच्या बाजूस असते. मूळ भेदताना पहिल्या दोन आणि महाकोशिका पोसताना तिसरी विशेष कार्यरत असते. म्हणजे येथेही प्रश्न तोच होता : हजाराच्या घरात असलेल्या कोशिकांपैकी तिघींमध्ये कोणती जनुके कार्यरत आहेत? गाठी करणाऱ्या कृमीत आनुवंशिक खूण घालणे सुकर नसल्यामुळे अमेरिकेतील रिचर्ड हसी, एरिक डेव्हिस व टॉमस बाउम यांच्या गटांनी सरळ मार्ग पत्करला. अतिसूक्ष्म काचनळीने ग्रंथिकोशिकांतील द्रव शोषून घेऊन त्यातील आरएनएच्या प्रती तयार करण्यात आल्या. त्यातून २००३ मध्ये मे. इन्कॉग्निटा या जातीतील ३७ संभाव्य 'परोपजीवन-जनुके' वेगळी करण्यात आली. त्याआधी १९९८ मध्ये ग्रंथींतून स्रवणारी, वनस्पतीच्या कोशिकाभित्तीतील सेल्युलोज विघटित करणारी एंझाइमे दुसऱ्या एका गटाच्या सूत्रकृमींत सापडली होती. प्राण्याच्या स्वतःच्या जनुकांपासून अशी एंझाइमे बनतात, हे तेथे प्रथमच दिसून आले. ही जनुके पूर्वी केव्हातरी सूक्ष्मजंतूंकडून आली असावीत, असे मानले जाते.

या यादीचा उपयोगही लवकरच झाला. फायर व क्रेग मेलो यांनी १९९८ मध्ये सि. एलेगन्समध्ये असे दाखविले होते की, दुपदरी आरएनए दिल्यास तत्सम जनुकाचे कार्य बंद पडते (या शोधास २००६ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले). हसी यांच्या गटाने ग्रंथीतील १६डी१० या जनुकाचे दुपदरी आरएनए ॲराबिडॉप्सिस या प्रायोगिक वनस्पतीतच तयार होईल अशी व्यवस्था केली. त्या वनस्पतीत गाठी करणाऱ्या चार प्रमुख जातींना प्रतिकार उत्पन्न झाल्याचे २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. मे. इन्कॉग्निटाच्या संपूर्ण जनुकसंचाचा क्रम २००८ मध्ये उपलब्ध झाला.

कोल्हापूर परिसरातील महत्त्व : कोल्हापूर जिल्ह्याचा पूर्व भाग नद्यांच्या व धरणांच्या पाण्यावर बारमाही बागायती झाला आहे. राजर्षी शाहू महाराजांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हाती घेतलेली राधानगरी धरणाची योजना हा त्याचा एक आरंभ होय. उसाबरोबरच भाजीपाला व हरितगृहांतील फुलपिके येथे घेतली जातात. सतत ओलसर व उबदार जमीन, एकाच कुलातील पिके पुनःपुन्हा घेणे आणि बाधित रोपांची ने-आण या तिन्ही गोष्टी सूत्रकृमींना अनुकूल ठरतात.

नियंत्रणाचे जुने उपाय अपुरे पडत गेले, हे या संशोधनाच्या निकडीचे मुख्य कारण आहे. जमिनीत घालावयाची अनेक कृमिनाशके माणसालाही घातक ठरली. डायब्रोमोक्लोरोप्रोपेन या द्रव्यामुळे ते तयार करणाऱ्या कामगारांत वंध्यत्व येते, हे १९७७ मध्ये अमेरिकेत उघडकीस आले आणि नंतर तेथे त्याचा वापर बंद झाला. भारतात फोरेट या दाणेदार विषावर ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी आहे. दुसरीकडे, टोमॅटोच्या रानटी जातीतून संकराने आणलेले 'एमआय' हे प्रतिकारक जनुक अनेक वाणांत वापरले जाते, परंतु जमिनीचे तापमान सुमारे २८° से. च्या वर गेले की त्याचा प्रभाव मावळतो. दक्षिण महाराष्ट्रातील उन्हाळ्यात जमीन याहून पुष्कळ अधिक तापते. अर्थात ज्या हंगामात कृमी जोमाने वाढतो, त्याच हंगामात हे संरक्षण दुबळे होते. म्हणून कृमीच्या ग्रंथिकोशिकेतील जनुकांवर थेट आघात करणाऱ्या प्रतिकारशक्तीचा शोध उष्ण प्रदेशांना विशेष महत्त्वाचा आहे.

अशा रीतीने विकसित केलेले वाण अद्याप येथील शेतांत आलेले नाहीत. उन्हाळ्यात खोल नांगरट करून जमीन तापू देणे, झेंडूसारखे पीक फेरपालटीत घेणे, निंबोळी पेंड घालणे, कृमींवर वाढणाऱ्या उपयुक्त बुरशींचा वापर करणे आणि गाठी नसलेली निरोगी रोपे लावणे हेच उपाय शेतकऱ्याच्या हाती आहेत. राहुरी येथील महात्मा फुले कृषी विद्यापीठ (स्थापना १९६८) हे या विषयावर संशोधन व मार्गदर्शन करते. कोल्हापूरचे कृषी महाविद्यालय याच विद्यापीठाच्या कक्षेत येते.

केंब्रिजमध्ये एकेका कोशिकेचे विभाजन हाताने नोंदविले जात असताना शेतीचा विचार कोणाच्या मनात नव्हता. तथापि मुळाच्या गाठीत दडलेल्या कृमीच्या तीन कोशिकांकडे नेमके बोट दाखविता आले, ते प्राण्याच्या प्रत्येक कोशिकेला नाव देण्याच्या आणि तिच्यातील जनुके ओळखण्याच्या याच परंपरेमुळे होय.